बाटलीबदक

नाशिक,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय चतुरा,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. घरची मंडळी बरी असतील. लाल कांदा निघून गेला असेल, आणि उन्हाळ कांद्याच्या पाण्यासाठी तुझी शेतात ये-जा चालली असेल, गुडघ्यांना न विचारता.

आज सकाळी दात घासताना एकदम आपल्या शाळेची प्रार्थनेची रांग आठवली. काही विशेष घडलं होतं असं नाही. दिवाळीची सुट्टी संपून हॉस्टेल पुन्हा भरलेलं, थंडी नुकती पडायला लागलेली. सिस्टर फिलोमिना हात जोडून प्रार्थना म्हणत होत्या आणि सगळ्या मुलींचे डोळे मिटलेले होते. तुझे अर्थातच उघडे. तू माझ्या वेणीला हिसका दिलास आणि कुजबुजलीस, “उत्तरे, धोबी आला गं. माझ्या मागं मागं चांदवडहून आला.” मी डोळे न उघडता म्हटलं, “माहितीये. ऐकला मी.” मग आपण दोघींनी ‘आमेन’ जरा जास्तच जोरात म्हटलं. एवढंच. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांची मुलगी आणि चांदवडच्या कांदेवाल्यांची मुलगी, दोघींना पक्ष्यांचं वेड लागलं ते सिस्टरांच्या अंगणात, शेपूट हलवत फिरणाऱ्या त्या एवढ्याशा पाखरामुळे.

आता मुद्द्यावर येते. तू माझ्या मुलाला फोन केलास.

मला न विचारता, न सांगता. यशोधनने मला तुझंच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं: “आईला आता एकटं ठेवू नको रे बाबा, तिचं काय खरं नाय.” चतुरामावशी म्हणाली म्हणजे संपलंच. लहानपणापासून त्याचा माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तुझ्या मागे लपणारा मुलगा तो, आता तुझ्या आडून माझ्यावर हुकूम सोडतो.

तर तुझ्या कृपेने पाडव्याच्या सुमाराला तो मला बंगळुरूला नेणार आहे. कायमची. चौदाव्या मजल्यावर माझी खोली तयार आहे, पूर्वेची. सूनबाईने पडदे लावलेत, नात इराने दारावर ‘आजी’ असं रंगवून ठेवलंय. खिडकीला जाळी बसवली आहे, कबुतरं येऊ नयेत म्हणून. म्हणजे जो एकच पक्षी माझ्या भेटीला येण्यासारखा होता, त्याचीही सोय लावून टाकली.

मी जाणार नाही. हे त्याला सांगितलं आहे आणि तुला लेखी कळवते आहे.

इथलं म्हणशील तर कुंभमेळ्याच्या तयारीत सगळं शहर उकरून ठेवलं आहे. द्वारकेच्या चौकात गाडी अडकली की स्वेटर विणून व्हावा. पण माझ्या कुंपणातला वटवट्या अजून गेलेला नाही, मेंदीत बसून दिवसभर टक्, टक् करतो. कॉलनीच्या टोकाची सावर फुलली आहे आणि भोरड्यांनी तिथे असा बाजार मांडलाय की शेजारच्या वकीलसाहेबांनी खिडक्या बंद करून घेतल्या. आता महिनाभरात हे सगळे उत्तरेकडे निघतील. मागच्या आठवड्यात नांदूर मधमेश्वरला गेले होते. थापट्या बदकांची पाण्यात चोच ओढण्याची सळसळ पूर्वीइतकी नाही, काही निघाली असावीत. पण चक्रवाक होते, अजून भांडत होते, आणि लांब हरभऱ्याच्या बाजूला क्रौंच बोलत होते. ऐकताना अंगावर काटा येतो तो अजून तसाच येतो.

जानेवारीतली हकीकत तुझ्यापर्यंत पोचली असेलच. नाशिकपासून पुण्यापर्यंत पोचली, चांदवड काय लांब आहे? तरी माझ्याकडून ऐक, कारण बाकीच्यांना ती सांगताना हसू आवरत नाही.

मला हल्ली कोपऱ्यावरच्या सोमनाथची गाडी फिरवते. त्या दिवशी आम्ही गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर गेलो. ऊन वर आलं होतं, पाणी चमकत होतं, आणि मधोमध लहान पांढरी बदकं. पोहत होती. मधूनच बुडी मारायची आणि पुन्हा वर. स्म्यू! आपण दोघींनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं, इतक्या दक्षिणेला सहसा न उतरणारं बदक. आपल्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाचा पहिल्यापासूनचा नियम तुला माहीतच आहे, तूच तो भांडून करून घेतला होतास: दोघांनी हो म्हटल्याशिवाय पक्षी कागदावर चढत नाही. मी नियम मोडला नाही. मी सोमनाथला विचारलं, “सोमनाथ, ती पांढरी बदकंच आहेत ना?” तो म्हणाला, “हा मॅडम, बदकंच हायेत.” मी गटावर कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याहून दोन गाड्या भरून लोक आले. हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन. आणि त्यांना दिसल्या प्लास्टिकच्या बाटल्या. कोळ्यांनी जाळ्याला तरंगायला बांधलेल्या. खाली मासा ओढायचा तेव्हा बाटली बुडी मारायची.

सोमनाथला विचारलं तर म्हणतो, “मॅडम, तुम्ही म्हणल्या म्हणून मी म्हणलो. तुमच्यापुढं मी काय बोलणार?”

मग काय, बाटलीला चोच आणि पंख चिकटवलेलं चित्र गटावर फिरलं: ‘बाटलीबदक, नर व मादी’. मादीच्या डोक्यावर माझ्यासारखा अंबाडा. चित्र चांगलं होतं, हे मी मान्य करते. पण आपल्या गटाचं काम हल्ली शेखर बघतो ना, ज्याला आपण दुर्बीण कशी धरायची ते शिकवलं, त्याने मला फोन केला. फार गोड आवाजात. “मॅडम, मार्चच्या गणनेत तुम्ही यंदा विश्रांती घ्या. नाश्त्याच्या वेळी या, सगळ्यांना भेटा.” म्हणजे पोहे खायला या, पक्षी मोजायला नको.

उन्हाची तिरीप होती. पाणी चमकत होतं. अशा वेळी कोणीही फसेल. एवढंच झालं, आणि एवढ्यावरून तुम्ही सगळे मला उचलायला निघालात.

अक्षर फार मोठं आलं आहे, त्याचं कारण पेन. दुकानदाराने जाड टोकाचं दिलं.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. काही म्हणायचं असेल तर लिही.

उत्तरा


नाशिक,
गुरुवार, १२ मार्च २०२६

चतुरे,

तुझं उत्तर मिळालं. ना तारीख, ना नमस्कार, ना सही. चार शब्द: ‘डोळ्याचं काय ते लिही.’

आणि ते चार शब्द तू एवढे मोठे काढलेस की अख्खं पान भरलं. वरून तेही खडूसारख्या जाड काळ्या रेघेने. पाकीट उघडलं, कागद जरा बाजूला धरला, आणि मला ते वाचता आले. मग मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले. म्हणजे तुला कळलेलंच होतं.

लिहिते.

डिसेंबरमध्ये डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटीच गेले होते. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. दोन्ही डोळ्यांचा. कोरडा प्रकार आहे म्हणाले, माझ्या बाबतीत इंजेक्शनचा उपयोग नाही, चष्म्याचाही नाही. पूर्ण अंधार होणार नाही. कडेचं दिसत राहील. पण जे बघायचं म्हणून बघावं, नेमकं तेच जातं. कोणी काचेवर ओला अंगठा उठवावा तसा डाग आहे, आणि जिकडे बघेन तिकडे तो माझ्या आधी जाऊन बसतो. भाजीवाल्याचा गाडा दिसतो, भाजीवाला दिसत नाही. घड्याळ दिसतं, काटे नाहीत.

मी यावर एक युक्ती काढली आहे. जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या शेजारी बघायचं. चोरून बघितल्यासारखं. मग ते कडेने थोडं थोडं येतं, विशेषतः हललं तर. उडणारा पक्षी मला बसलेल्या पक्ष्यापेक्षा जास्त दिसतो. आणि आवाज तर सगळे आहेत. तू मागच्या पत्रात शोधून बघ, मी एकही पक्षी पाहिला असं लिहिलेलं नाही, बाटल्या सोडून. वाचताना तुझ्या ते लक्षात आलं असणारच. लिहिताना माझ्याही लक्षात आलं होतं आणि तरी मी उन्हाच्या तिरिपेवर ढकललं.

दिवाळीत तू आली होतीस, समोर बसून चकली मोडत होतीस, आणि मला तुझे कान दिसत होते. कान, कुड्या आणि पदर. मधला चेहरा मी आठवून आठवून बसवत होते. निघताना मी तुला कुंकू लावलं, ते भुवईवर लागलं. मला बोटाला कळलं, खाली केस लागले. तू काही बोलली नाहीस. “येते गं,” म्हणालीस आणि गेलीस. गाडीत बसल्यावर पुसून नीट केलं असशील.

मग जानेवारीत बाटल्यांची गोष्ट कानावर आली आणि तू दोन्हींचा मेळ घातलास. तुला जे दिसलं ते खरं होतं. पण तू ते सांगायला माणूस चुकीचा निवडलास. मला सांगायचं होतंस. “उत्तरे, तुला दिसत नाय,” असं माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. मी तुझ्याशी भांडले असते, महिनाभर बोलले नसते, पण ते आपल्या दोघींत राहिलं असतं. तू मला न विचारता मला पोरासोरांच्या ताब्यात दिलंस, याचा राग मला अजून आहे आणि राहील. हे लिहून टाकलं. आता पुढचं ऐक.

होळी झाल्यावर यशोधन आला. आल्या आल्या त्याने गॅसची शेगडी तपासली, न्हाणीघरात बसवायच्या दांडीचं माप घेतलं आणि कपाटं उघडून काय न्यायचं, काय टाकायचं असे ढीग लावायला लागला. त्यात डॉक्टरांचे कागद त्याच्या हाती लागले. मी म्हटलं, “माझं घर आहे, धर्मशाळा नाही. ठेव ते जागच्या जागी.” तो म्हणाला, “आई, तू मला डिसेंबरपासून फसवलंस.” मी म्हटलं, “फसवलं नाही. सांगितलं नाही.” तो म्हणाला, “हेच शाळेत मी म्हणालो असतो तर तू मला काय केलं असतंस?” शिक्षिकेच्या मुलाला आईच्याच शब्दांत आईला पकडता येतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, “एकदा माझ्याबरोबर नांदूरला चल. मग बोलू.” त्याला वाटलं, निरोप घ्यायला निघाली आहे. लगेच तयार झाला.

सोमनाथने आम्हाला उजाडताना पोचवलं. पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मी कठडा धरून चढले, यशोधन मागे हात पसरून, मी पडले तर झेलायच्या तयारीत. वर वारा छान होता. बसल्यावर त्याने विचारलं, “आई, काय दिसतंय तुला? खरं सांग.”

“पाणी दिसतंय. काठाला काळं दिसतंय ते पाणकणीस. पलीकडे पिवळं ते शेत. आणि तू दिसतोस.”

“मी कसा दिसतो?”

“चेहरा सोडून सगळा.”

तो हळूच म्हणाला, “केव्हापासून?” मी म्हटलं, “आठ-दहा महिने झाले. म्हणून तर मागच्या वेळी तुला सारखं बोलतं ठेवत होते. तुला वाटलं, आई फार प्रश्न विचारते.”

चतुरा, या वाक्याने त्याचं काय झालं ते मला दिसलं नाही, पण त्याचा श्वास ऐकू आला. मला वाईट वाटलं. पण मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. तिथे विरघळले असते तर तोच मला गाडीत घालून घेऊन गेला असता.

मी दुर्बीण उचलली. हो, अजून उचलते, सवय आहे. पाणकणसावरून काहीतरी काळं, झोकांड्या खात, पंख वर धरून चाललं होतं. मी म्हटलं, “तो बघ भोवत्या. दलदलीतला ससाणाच म्हण. बघ कसा चाललाय, काही दिसलं की खाली झेपावेल.”

यशोधनने पाहिलं. मग म्हणाला, “आई, पिशवी आहे ती. काळी, प्लास्टिकची. वाऱ्याने उडतेय.”

मला हसू फुटलं. असं फुटलं की खालून सोमनाथने विचारलं, “मॅडम, काय झालं?” यशोधन तर चिडलाच. “हसतेस काय तू? मी इथे काळजीने मरतोय.”

“अरे, कितीतरी महिन्यांनी मला कोणीतरी नाही म्हटलं!”

त्याला ते कळलं नाही. तुला कळेल. सगळे माझ्याशी किती सांभाळून बोलतात. हो मॅडम, बरोबर मॅडम, तुम्ही म्हणाल तसं मॅडम. हो म्हणत म्हणत मला बाजूला बसवतात. सोमनाथने त्या दिवशी भीडेने हो म्हटलं म्हणून बाटलीला पंख फुटले. तिथे तू असतीस तर म्हणाली असतीस, “डोकं ठिकाणावर हाय का तुझं? बाटल्या हायेत त्या.” आणि मी घरी येऊन शांतपणे जेवले असते. आठवतंय, सरदवाडीच्या तळ्यावर मी मोरघार, मोरघार म्हणून नाचत होते आणि तू म्हणालीस, “मोरघार नाय अन् राजघार नाय, आपली साधी घार हाय, उन्हात न्हालेली.” मी किती चिडले होते. तू निम्मे पक्षी माझ्याकडून खोडून घेतलेस. जे उरले ते पक्के होते.

म्हणजे तुझा तो फोनही एक ‘नाही’च होता, हे मला त्या मनोऱ्यावर समजलं. तरी राग आहेच. वर लिहिलंय.

ऊन तापायला लागलं तेव्हा मला वरून आवाज आला. खूप वरून. जुन्या दाराची बिजागरी आणि शंख एकत्र केल्यासारखा. क्रौंच ऊन तापल्यावर गरम हवेवर चढतात आणि मगच लांबच्या वाटेला लागतात, तू मला शिकवलंस की मी तुला, आता आठवत नाही. मी म्हटलं, “यशोधन, वर बघ. माझ्या डाव्या हाताला, पण फार वर.”

“काही नाहीये.”

“आणखी वर.”

“आई, काही नाही. उगाच...” आणि मग तो थांबला. “हो. हो आई, आहेत. गोल गोल फिरतायत. किती वर आहेत!”

“किती असतील?”

“मोजता येत नाहीत गं. एकमेकांत मिसळतात.”

“मग तसंच लिही. मोजता आले नाहीत. पण क्रौंच, उत्तरेकडे, वेळ लिही. मी ऐकले, तू पाहिले. दोघांचा होकार झाला.”

त्याने फोनमध्ये लिहिलं. ते आवाज वाहत वाहत चांदवडच्या दिशेने गेले. तुझ्या डोक्यावरून गेले असतील, तू वर पाहिलंस का?

येताना निफाडला चहाला थांबलो. तिथे आमचं खरं भांडण झालं. चहावाल्याने दोनदा कप पुसले, इतका वेळ.

“पडलीस तर?”

“तर पडेन. बंगळुरूच्या लाद्या काय मऊ आहेत? इथे पडले तर ओरडल्यावर वकीलसाहेब येतील, कामाची बाई येईल, सोमनाथ येईल. तिथे दुपारी तुम्ही दोघं ऑफिसात, इरा शाळेत, आणि चौदाव्या मजल्यावर मी कोणाला हाक मारू?”

“बाई ठेवू आपण.”

“माझ्यावर लक्ष ठेवायला बाई, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा. नको. यशोधन, या घरातली प्रत्येक कड मला हाताला माहीत आहे. सकाळी कोणता पक्षी आधी बोलतो त्यावरून मला किती वाजले ते कळतं. तिथे मी खरी आंधळी होईन. इथे मला फक्त कमी दिसतं.”

“आणि चुकलीस तर? पुन्हा त्या बाटल्यांसारखी?”

“चुकेन. आत्ता तुझ्यासमोर चुकले की. चुकलं म्हणून माणसाला घरातून उचलतात का? शेखरने गेल्या वर्षी कोकिळेच्या पिल्लाला ससाणा म्हटलं होतं, त्याला कोणी चौदाव्या मजल्यावर नेलं नाही.”

त्याने कप खाली ठेवला. “पाडव्याला येतो. तेव्हा तुझं शेवटचं सांग.”

“शेवटचं आत्ताच सांगते. पाडव्याला जेवायला ये. श्रीखंड आहे. मी येत नाही.”

तो रागावून गेला. माझं तिकीट रद्द केलंय की नाही ते सांगितलंही नाही. पण विमानातून उतरल्यावर त्याचा फोन आला. किंचित घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, “आई, त्या क्रौंचांचं गटावर कळवलंस का?”

कळवलं. शेखरला सरळ फोनच केला. तो पुन्हा गोड व्हायला लागला, “मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण नोंदींचा प्रश्न...”

मी म्हटलं, “आदर जरा बाजूला ठेव. मला नीट दिसत नाही. आजार आहे, वाढणार आहे. झालं? आता मला सांग, गणनेच्या तक्त्यात ‘ऐकला’ असा रकाना आहे की नाही?”

“आहे.”

“मग रविवारी मी मनोऱ्यावर बसणार आणि तो रकाना भरणार. माझ्या नावाने. तुझ्या पोरांना लांबून फोटो काढू देत, पाणकणसात बसलेला वटवट्या त्यांना जन्मात दिसणार नाही.”

तो म्हणाला, “चालेल मॅडम. पण दुसरा होकार कोणाचा? सोमनाथ नको हं.”

“चतुराबाई येतील.”

“बापरे. त्या तर मलाही नाही म्हणतात.”

“म्हणूनच.”

तर चतुरे, मी तुला विनंती करत नाही. तू माझ्या मुलाला न विचारता फोन केलास, मी तुला न विचारता गणनेत घातलं आहे. फिट्टंफाट. रविवारी पहाटे आपल्याला तिथे असायचं आहे. तुझे गुडघे पायऱ्या चढत नसतील तर खाली बांधावर खुर्ची टाकून बसू, पाणी तिथूनही तेवढंच आहे. मी ऐकेन, तू बघ. मी चुकले की सगळ्यांसमोर नाही म्हण, चांगलं खणखणीत. पण माझ्या कानात न सांगता माझ्या मुलाच्या कानात सांगितलंस, तर या खेपेला खरंच बोलणार नाही.

पुढे आणखी कमी दिसेल, हे मला माहीत आहे. एखाद दिवशी हे घर सोडावंही लागेल. तो दिवस कोणता, ते मी ठरवीन. मी आणि, फार तर, तू.

हे पत्र घेऊन शनिवारी सोमनाथ येईल. तू ते वाचत असताना तो चहा पीत बसला असेल, त्याला साखर जास्त लागते. मुक्कामाचे कपडे घे आणि त्याच गाडीत बस. मागच्या सीटवर काही सामान आहे, ते आधी उतरवून घे. मला त्याचा आता उपयोग नाही, आणि माझ्या माघारी कोणी वाटण्यापेक्षा मीच वाटते आहे.

चादरीत गुंडाळलेला मोठा आरसा आहे तो तुझी सून तेजस्विनीला. तिच्या खोलीत अर्ध्या हाताचा आरसा लटकतो, मी पाहिलाय. पत्र्याच्या डब्यात भरतकामाचे दोरे आणि रिंगा आहेत, सिस्टरांनी शिकवलेल्या टाक्यांचे नमुनेही आहेत, तेही तिलाच. नकाशांची मोठी पुस्तकं तुझ्या नातीला, वेदिकेला. तिला सांग, आजीच्या मैत्रिणीने त्यावर शाईने पक्ष्यांच्या वाटा आखल्या आहेत, त्या पुसायच्या नाहीत, चुकीच्या वाटल्या तर शेजारी दुसऱ्या आखायच्या. स्कूटर इथेच आहे, ती सोमनाथच्या बायकोला देऊन झाली, तू त्यात पडू नकोस.

आणि या पाकिटाच्या तळाशी माझ्या दाराची दुसरी किल्ली आहे. यशोधनने मागितली होती, त्याला दिली नाही. ती तुला. वाटेल तेव्हा ये, न कळवता ये. फक्त दार उघडून उगाच समोर उभी राहू नकोस, आधी काहीतरी बोल.

इथेच राहणारी, तुझी
उत्तरा